रांगेत ऐकलेले पहिले अंक

कुंदे, मला तुझ्यासाठी अजून नीट रडताच आलेलं नाही. रडायला म्हणून बसायचे आणि तुझ्या लेकीचा राग यायचा. रागवायला म्हणून उठायचे तर रडू यायचं. या उठाबशांनी माझे गुडघे कामातून गेले. घरात पाय ठरत नव्हता म्हणून चालत सुटायचे. एकदा गिरगावातून कोथिंबीर आणायला निघाले ती थेट लालबागला पोचले, आणि परत येईस्तोवर ती जुडी इतकी वाळली की चुरून बरणीत भरावी लागली. तू म्हणशील, भागिले दोन. बरं बाई, भायखळ्यापर्यंत गेले होते. पण चालत गेले होते, ते काही भागता येणार नाही.

तुझ्या या भागाकाराने माझं आयुष्य निम्मं झालं. मी सांगायचे, आमच्या चाळीतल्या मांजरीला सात पिल्लं झाली. तू मान वर न करता म्हणायचीस, "साडेतीन." मी म्हणायचे, आमचे हे घोरायला लागले की समोरच्या इमारतीत दिवे लागतात. तू म्हणायचीस, "एकाच घरात." बोरीबंदरच्या त्या कचेरीत आपण शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्या झालो. मी जाणाऱ्या पत्रांवर शिक्के मारत गोष्टी फेकायचे, तू हजेरीचं मस्टर सांभाळत त्या अर्ध्यावर आणायचीस. डबे उघडले की तुझी सुकटीची चटणी मी संपवायचे आणि माझं गोडं वरण तू नाक मुरडत प्यायचीस. लोक माझी गोष्ट ऐकून सगळीच्या सगळी टाकून देतात गं. तू निम्मी ठेवून घ्यायचीस. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आभार मानले असते तर तू तेही अर्धेच घेतले असतेस, म्हणून पुढे ढकलत राहिले.

आता त्या दिवशीचं सांगते. तू फोटोत होतीस खरी, पण फोटोतून तू सरळ समोर बघत होतीस आणि मी बसले होते डावीकडे, खांबाच्या आड.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम डिलाईल रोडला तुमच्या टॉवरखालच्या हॉलमध्ये होता. तुमची चाळ पाडून बांधलेला तो टॉवर, ज्याच्या लिफ्टला तू शेवटपर्यंत पिंजराच म्हणालीस. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, मग एकेक जण बोलायला उठला. आणि काय ते कौतुक, कुंदे. ज्यांना ज्यांना तू लाल शाईने लेटमार्क दिलेस ते सगळे रांगेने उभे राहून तुझ्या शिस्तीवर बोलले. आपले जुने साहेब काठी टेकत आले होते. ते म्हणाले, "मला एकदा उशीर झाला, तर बाईंनी माझ्या नावापुढेही लाल खूण केली. मी म्हटलं, अहो, मी तुमचा साहेब. तर म्हणाल्या, ते घड्याळाला कुठे माहीत आहे." लोक हसले आणि डोळे पुसायला लागले. मग तुझा भाऊ म्हणाला, "ताई जन्मात कुठे उशिरा पोचली नाही आणि न बोलावता कुठे गेली नाही."

हे ऐकलं आणि मला बसवेना. माणसं तुला अशी धुऊन-वाळवून घडी घालून ठेवत होती की थोड्या वेळाने तू कपाटातच गेली असतीस. मी उठले. माईक घेतला. म्हटलं, "कुंदा आणि मी वर्षानुवर्षं नाटकांना मध्यंतरात शिरायचो. तिकिटाशिवाय. दादर म्हणू नका, परळ म्हणू नका, गिरगाव म्हणू नका. हजारभर नाटकं पाहिली असतील, आणि एकाचाही पहिला अंक पाहिला नाही."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की वर विसाव्या मजल्यावर कुणी डाळ निवडत होतं ते ऐकू आलं. मला वाटलं, साहेब तरी हसतील. ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. मागून एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "या त्याच गिरगावच्या. फेकतात." आणि मग तुझी लेक उठली, प्रज्ञा. पांढऱ्या साडीत, तुझ्यासारखीच पट्टीसारखी ताठ. तिने माझ्या हातातला माईक घेतला, तो बंद केला, आणि म्हणाली, "मावशी, आज तरी नको."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"प्रज्ञा, खरं आहे गं ते."

"मावशी, आई ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणायची नाही. आम्हाला शाळेत उशीर झाला तर ती बाईंना जाऊन सांगायची, हिला शिक्षा करा म्हणून. ती तिकिटाशिवाय कुठे शिरेल?"

"शिरायची. मी होते ना."

"तू तर चौपाटीवर देवमासा लागला तेव्हाही होतीस. तुझ्या आजोबांनी तो धोतराने ओढून बाहेर काढला होता."

"देवमाशाचं सोड."

"कसं सोडू? लहानपणी आम्ही हसायचो तुझ्या गोष्टींना, चालायचं ते. आज माझी आई होती ती." मग म्हणाली, "जेवून जा." आणि गेली.

"जेवून जा" हे तिने ज्या आवाजात सांगितलं ना, त्या आवाजात लोक फेरीवाल्याला "पुढे जा" म्हणतात. मी जेवले नाही. नंतर तिने माझा फोन उचलला नाही. मी केला की वाजून वाजून बंद पडायचा.

कुंदे, माझी पंचाईत तुला कळतेय का? आजवर माझ्या थापांना शंभर साक्षीदार मिळाले. देवमाशाला तर माझा भाऊ अजून शपथेवर साक्ष देतो, आणि तो तेव्हा जन्मलाही नव्हता. पण या एकाच खऱ्या गोष्टीला एकच साक्षीदार होती, ती फोटोत जाऊन बसली. प्रज्ञाला पटलं नाही तर आपली ती सगळी वर्षं माझी थाप म्हणून जमा होणार, आणि तू कायमची मस्टरवाली बाई होऊन राहणार. या विचाराने मी लालबागपर्यंत चालत होते. भायखळ्यापर्यंत.

म्हणून चालता चालता मी सगळं पहिल्यापासून मनात मांडून बघितलं. मलाच कधी कधी वाटायला लागलं होतं, की खरंच झालं का हे? आता तुझ्यापुढे मांडते. चुकलं तर टोक.

आपण हिंदमाताला साडी घ्यायला गेलो होतो. ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नाचा आहेर. तू दुकानदाराला अशा साड्या उलगडायला लावल्यास की शेवटी तो त्या ढिगात दिसेनासा झाला आणि गिऱ्हाइकांनी हात धरून त्याला बाहेर काढलं. घेतलीस मात्र पहिलीच दाखवलेली. बाहेर पडलो आणि तू एकदम गप्प झालीस. मी म्हटलं, "काय गं?" तू म्हणालीस, "शैले, लागलीय."

दादरसारख्या ठिकाणी बाईमाणसाला लागली तर तिने जायचं कुठे? पुरुषाला अख्खी मुंबई मोकळी. आपण चालत सुटलो. तू ओठ आवळून पुढे, मी बडबडत मागे. तू म्हणालीस, "बोलू नकोस, मला हसवू नकोस, हसले तर संपलं." समोर नाट्यगृह आलं. मध्यंतर चालू होतं. दारं सताड उघडी, लोक बाहेर वडे खात उभे, आणि आत बायकांच्या बाथरूमपाशी ही रांग. तू इकडे बघितलं नाहीस, तिकडे बघितलं नाहीस, सरळ जाऊन त्या रांगेच्या शेवटी उभी राहिलीस. डोअरकीपर दारातच होता. त्याने आपल्याला पाहिलं, आपण कुठे निघालोय ते पाहिलं, आणि मान फिरवून छताचा पंखा बघायला लागला.

तिथे आपल्याला शोध लागला. बायकांच्या बाथरूमच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला जगात कुणी काही विचारत नाही. मंत्र्याला अडवतील, नटाला अडवतील, तिला नाही.

रांग हलत हलत तुझा नंबर लागेस्तोवर घंटा झाली. तू बाहेर आलीस तेव्हा सगळी गर्दी आत निघालेली. आपल्याला जायचं होतं बाहेर आणि लोंढा चालला होता आत. आता इथे तुझं-माझं कधीच जुळलं नाही. तू म्हणायचीस, मी तुला ओढलं. कुंदे, आज तू भांडायला नाहीस म्हणून नव्हे, पण तूच मला ओढलंस. माझ्या मनगटावर तुझ्या बांगडीचा वळ उठला होता. मागच्या बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तू म्हणालीस, "पाय दुखतायत, जरा टेकू." टेकलो. पडदा उघडला. पाय दुखायचे थांबले ते पडदा पडल्यावर.

परत जाताना तू विचारलंस, "तो दाढीवाला तिचा कोण लागत होता?"

"दीर."

"कशावरून?"

"रांगेतली ती मोरपंखी साडीवाली सांगत होती. पहिल्या अंकात त्याने हिची पत्रं जाळली."

तू चालता चालता थांबलीस. म्हणालीस, "मग पुढच्या वेळी नीट विचार. मला तर तो सासरा वाटला."

पुढच्या वेळी, म्हणालीस तू. मी नाही.

तेव्हापासून आपण नाटकांचे पहिले अंक रांगेत ऐकले. विचारायचं काम माझं, कारण तुला अनोळखी बाईशी बोलायला लाज वाटायची. मी पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावून म्हणायचे, "अहो, आमची बस चुकली, सुरुवातीला काय झालं?" आणि बायका सांगायच्या. काय सांगायच्या. एक म्हणायची नायक संशयी आहे, तिच्या मागची म्हणायची संशयी कसला, भोळा आहे, बायकोच वस्ताद. एकदा एका बाईने सुरुवात नाटकापासून केली आणि तिसऱ्या वाक्याला ती स्वतःच्या जावेवर घसरली. आपल्याला पत्ता नाही. आपण आत बसून जावेची वाट बघतोय, ती आता घराचा हिस्सा मागायला येणार म्हणून, आणि स्टेजवर एक शास्त्रज्ञ उंदरांशी बोलतोय. नाटक संपेपर्यंत जाऊ आलीच नाही. तू बाहेर आल्यावर म्हणालीस, "बिचारीला हिस्सा मिळाला नाही वाटतं."

नियम अर्थातच तू केलेस. हाऊसफुल्लचा बोर्ड असेल तर आल्या पावली परत. बसायचं मागे आणि कुणी आलं तर त्याने तोंड उघडायच्या आत उठायचं. टाळ्या सगळ्यांत जास्त वाजवायच्या. "आपण पाहुण्या आहोत," तू म्हणायचीस, "पाहुण्याने पानातलं टाकू नये." तू अशा टाळ्या वाजवायचीस की एकदा नटाने संपलेला प्रवेश घाबरून पुन्हा केला. हे मात्र भागू नकोस, हे अगदी असंच झालं होतं.

कुणी म्हणेल, रीतसर तिकीट काढून का नाही गेलात? कारण तिसरी घंटा वाजायची चारला आणि तुमच्या चाळीत नळाला पाणी यायचं चारला. ज्याने कुणी ही दोन्ही वेळापत्रकं केली त्याला बायका नाटक बघतात हे ठाऊक नसावं. तू पिंपं भरायचीस, हंडे भरायचीस, सासऱ्यांना चहा आणि औषध द्यायचीस, मुलांना शेजारच्या आजींकडे सोपवायचीस, आणि मग साडीच्या निऱ्या करत जिना उतरायचीस. मीही सासूबाईंचे पाय चेपून, त्यांना डुलकी लागली की पंजांवर चालत बाहेर. घरी सांगायचीस, ऑफिसात ऑडिट आहे. रविवारीसुद्धा ऑडिट. तुझ्या घरच्यांना वाटत असेल, आपल्या कचेरीत देशातला सर्वांत मोठा घोटाळा झालाय आणि तो निस्तरतायत दोघी कारकून बायका.

आणि आपलं ते अर्धवट राहिलेलं भांडण. रिटायर झालो, सासरे गेले, मुलं मोठी झाली, टॉवरमध्ये दिवसभर पाणी. मी म्हटलं, "कुंदे, आता पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या काढू, ऐटीत बसू, तिसरी घंटा आतून ऐकू." तू म्हणालीस, "नको."

"का?"

"पहिल्या अंकात नुसत्या ओळखी करून देतात. माणसं बिघडतात दुसऱ्या अंकात. बघायचं ते तेच."

"तू घाबरतेस."

"कशाला?"

"आवडला तर? मग इतकी वर्षं काय काय हुकलं त्याचा हिशेब करत बसशील."

तू चहाचा कप तोंडाला लावलास. तो रिकामा होता, मला दिसत होतं. मी गप्प बसले, आणि तुला ठाऊक आहे मी किती वेळा गप्प बसलेय ते. नंतर मी पुन्हा पुन्हा विषय काढला, तू पुन्हा पुन्हा "बघू" म्हणालीस. मग तुझं दुखणं निघालं. हॉस्पिटलात एकदा मी म्हटलं, "बरी हो, मग जाऊ, तू म्हणशील तेव्हा शिरू." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मध्यंतर झालं की उठव." त्यावर मी हसले. खोलीबाहेर गेल्यावर काय केलं ते सांगत नाही.

तर फोन उचलत नाही म्हटल्यावर मी एके दिवशी सरळ प्रज्ञाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने दार उघडलं. आत तुझे मिस्टर टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्ही बंद होता.

"मावशी, चहा घेणार?"

"नाही. रविवारी दादरला ये, चारचा प्रयोग आहे. मी आणि कुंदाने बघितलेलं एक जुनं नाटक नव्या संचात आलंय. मध्यंतरात कसं शिरतात ते तुला दाखवते."

"तिकिटाशिवाय? मी?"

"मग तुला पटणार कसं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मस्टरवर लाल शाई उमटायच्या आधी तू बघायचीस तशी. म्हणाली, "मी तिकिटं काढते. दोन. पहिल्यापासून बसून बघू. आणि नाटक संपलं की हा विषय संपला. पुन्हा कुणासमोर आईचं हे काढायचं नाही. कबूल?"

काय करते? म्हटलं, "कबूल."

रविवारी मी वेळेआधी जाऊन उभी. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, प्रज्ञाचा पत्ता नाही, आणि तिकिटं तिच्या फोनमध्ये. तिसरी घंटा मी बाहेरून ऐकली, नेहमीसारखीच. ती आली तेव्हा धावत होती. केस सुटलेले, ओढणी एका खांद्यावर. "सॉरी, मावशी. पप्पांना चहा दिला तर ते कप धरून तसेच बसून राहिले. पीत पण नव्हते, सोडत पण नव्हते. निघताच येईना. मला कधी उशीर होत नाही गं." डोअरकीपर म्हणाला, "अंक रंगलाय, आता मध्यंतरात सोडतो." जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे तिकीट होतं, आणि तरी मी मध्यंतराची वाट बघत बाहेर उभी. तुला हसू आलं असतं. मला तेव्हा आलं नाही. त्या पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

मध्यंतर झालं. मी तिला घेऊन रांगेत उभी राहिले. म्हटलं, आता बघ. पुढच्या मुलीच्या खांद्याला हात लावला. "अगं, सुरुवातीला काय झालं?" तिने कानातला इअरफोन काढला. "काय काकू?" मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "ऑनलाइन रिव्ह्यू आहेत ना, त्यात सगळं दिलंय," आणि इअरफोन परत घातला. तिच्या पुढच्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "सांगितलं तर मजा जाईल तुमची." बाकी सगळ्या माना फोनमध्ये. मोरपंखी साडीवाली नाही, जाऊ नाही, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

प्रज्ञा मला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "चल मावशी, घंटा झाली," आणि माझा हात धरून आत नेलं, जसं डॉक्टरकडे नेतात. मी खुर्चीत बसले आणि मनाशी म्हटलं, कुंदे, संपलं. आता घरी जायचं आणि तोंड शिवून घ्यायचं. कबूल केलंय.

पडदा उघडला. एका घराचा दिवाणखाना, आणि मधोमध मोठी पत्र्याची पेटी. बाहेर मुलांचं भांडण चाललेलं, आई गेली की कुणी काय घ्यायचं. पेटीचं झाकण हळूच उचललं गेलं आणि आतून एका म्हातारीचं डोकं वर आलं. चष्मा लावून ती कान देऊन ऐकत होती. लोक खो खो हसले. प्रज्ञा हसली नाही. तिने माझं मनगट पकडलं.

"मावशी, ही आता शिंकणार."

म्हातारी शिंकली.

"आता धाकटा येऊन पेटीवर बसेल. त्याला वाटेल उंदीर आहे."

धाकटा आला आणि पेटीवर बसला. मी म्हटलं, "तू पाहिलंयस हे?"

"नाही." अंधारात तिचा आवाज लहान झाला होता. "आई सांगायची झोपताना. एक म्हातारी पेटीत बसली होती, अशी सुरुवात. तिच्या सगळ्या गोष्टी मधूनच सुरू व्हायच्या. मला वाटायचं, तिला सुरुवाती सुचतच नाहीत."

कुंदे. तू घरी जाऊन सांगायचीस. पिंपं भरून, शिरून, टाळ्या वाजवून, परत येऊन भाकऱ्या थापून तू त्या पोरांना अख्खा दुसरा अंक सांगायचीस. माझ्या शेजारी इतकी वर्षं बसलीस, माझी प्रत्येक गोष्ट तोललीस, आणि स्वतः गोष्टी सांगतेस हे कधी एका शब्दाने कळू दिलं नाहीस. मी काही तुझ्यात वाटा मागणार होते? मागितला असता म्हणा.

"आम्ही विचारायचो," प्रज्ञा म्हणाली, "पण ती पेटीत का बसली? आधी काय झालं?"

"मग?"

"म्हणायची, आधीचं शैलामावशीला माहीत. मोठी झालीस की तिला विचार."

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून "शू" केलं. स्टेजवर थोरले दोघेही भांडत आत आले होते आणि धाकटा पेटीवर बसून केळं खात होता. प्रज्ञाने ओढणीने नाक पुसलं, डोळे पुसले, माझं मनगट काही सोडलं नाही. मग तिने डोकं माझ्या कानाशी आणलं.

"सांग ना. का बसली ती पेटीत?"

कुंदे, मला आठवत नव्हतं गं. त्या दिवशी रांगेत कुणी काय सांगितलं होतं, देव जाणे. मी गृहस्थांकडे बघितलं, ते पुन्हा स्टेजकडे वळले होते. मी तिच्याकडे वाकले.

"त्या म्हातारीला अकरा मुलगे होते," मी म्हटलं.

प्रज्ञाने स्टेजवरच्या तिघांकडे बघितलं. एकाकडे, दुसऱ्याकडे, पेटीवरच्याकडे. मग म्हणाली, "बरं. मग?"